शेवटच्या आधीची गाडी

मला इंग्रजी वाचायला शिकवलं ते सरांनी. अमरावतीच्या राजापेठेत, त्यांच्याच घराच्या ज्या मागच्या खोलीत बसून मी हे लिहितोय, ती खोली मिळवून दिली तीही सरांनीच. हे अगोदर सांगून ठेवतो. पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, या माणसाला कुणी कधी काही शिकवलंच नसावं.

सरांचं नाव सांगत नाही. पण तुमचं राजापेठेत येणंजाणं असेल तर तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला खाकी पिशवी, आणि कायम पायी. आमच्या ट्रॅव्हल्सच्या बुकिंग ऑफिसच्या बाजूला चहाची टपरी आहे, तिथं दुपारी दोनच्या सुमाराला ते यायचे. कप हातात घेतला की आधी नाकाशी न्यायचे. मग डोळे मिटून एक घोट तोंडात फिरवायचे आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बोट वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही. ऑटोवाले गप्प, टपरीवाला गप्प. मग बोट खाली यायचं आणि निकाल लागायचा.

"आज दूध बदललं तू."

"नाही सर, तेच आहे."

"थांब बे. म्हशीच्या दुधात गाईचं घातलं."

टपरीवाला हसायचा. म्हणजे कबूल.

सर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. तीस-पस्तीस वर्षं पोरांना नळ्या-चंचुपात्रं दाखवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. घरात थोरले भाऊ आणि वहिनी. भाऊ म्हणजे दादा, अर्ध्या राजापेठेचे भटजी. वास्तुशांत असो की मुंज, दादांशिवाय होत नाही. त्या घरात सर पुस्तकी मराठी बोलायचे, दादांसारखी. टपरीवर आणि आमच्या काउंटरवर मात्र अस्सल वऱ्हाडी. जिभेला चपलांचे दोन जोड होते जणू, एक घरातला आणि एक रस्त्याचा.

त्यांनी आयुष्यात कुठलंही वाहन चालवलं नाही. लूनासुद्धा नाही. अमरावतीत म्हातारी माणसंसुद्धा स्कूटीवर भुर्रकन जातात, आणि हे पायी. कुणी विचारलं तर एकच उत्तर: "चाखणाऱ्यानं हाकू नये, हाकणाऱ्यानं चाखू नये." ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारा काहीतरी वेदांत सांगतोय. त्या वाक्याचा साधा सरळ अर्थ फार थोड्यांना माहीत होता. त्या थोड्यांत मी होतो.

मी कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सुटली, कारण बाप पिऊन पिऊन गेला आणि घरात मीच मोठा. लांब पल्ल्याच्या बसवर क्लीनर म्हणून लागलो. एकदा अमरावतीला गाडी आली आणि मी तापानं फणफणलो. गाडी गेली, मी राहिलो. बरा झाल्यावर त्याच ट्रॅव्हल्सच्या शेठनी काउंटरवर बसवलं. सुरुवातीला इथली भाषा ऐकून मला वाटायचं, सगळी माणसं माझ्याशी भांडतायत. "काहून बे, सीट काहून नाही?" असं म्हणणारा माणूस रागावलेला नसतो, हे समजायला मला वर्ष लागलं.

इंग्रजी मला येत नव्हतं. आकडे यायचे. गावांची नावं मी आकारानं ओळखायचो; पुणे आखूड, औरंगाबाद लांबलचक. वेळा सगळ्या पाठ. शेठना कधी कळलं नाही. सरांना मात्र मी काउंटरवर बसल्याच्या तिसऱ्याच दिवशी कळलं.

त्यांनी छापलेला एक कागद माझ्यासमोर सरकवला. "हे पाह्य जरा. ही गाडी किती वाजता सुटते?"

मी आकडा शोधून वेळ सांगितली.

"अन् कुठून?"

मी कागदाकडे बघत राहिलो.

"तुले वाचता येत नाही ना?"

"येतंय की."

"येतंय की!" त्यांनी माझी नक्कल केली. "मंग वाच की!"

माझे कान तापले. सरांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "लाजू नोको. मले गाडी चालवता येत नाही, तुले वाचता येत नाही. दोघं मिळून एक माणूस पुरा होते. चालते का?"

तो कागद जर्मनीतल्या रेल्वेचा होता.

तर सरांच्या डोक्यात काय होतं ते सांगतो. त्यांना परदेशात जाऊन बीअर चाखायची होती. प्यायची नव्हती, चाखायची. यातला फरक ते रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे. तरुणपणी अकोल्याला पेपर तपासायला गेले असताना एका सोबत्यानं त्यांना पहिला ग्लास दिला. त्यांना त्यात भाजलेल्या पोळीचा वास आला. नुसत्या धान्याच्या पाण्यात पोळीचा वास कुठून आला, या एका प्रश्नानं त्यांना चाळीस वर्षं धरून ठेवलं. पुस्तकं वाचली, वह्या भरल्या. सगळं घरापासून लपवून.

"सगळं पान्यात आहे," ते मला सांगायचे. "अकोल्याच्या खारपानपट्ट्यात डाळ शिजत नाही. काहून? पानी खारं. तसंच हे. ज्या गावचं जसं पानी तशी त्याची बीअर. एका गावचं पानी पावसासारखं नरम, तिथली बीअर सोन्यासारखी. दुसऱ्या गावात धान्य धुरावर वाळवतात, तिथली बीअर चुलीसारखी वास मारते. अन् बेल्जियमात तं मठातले साधू बनवतात! साधू, बाबू! अन् आमच्या घरी तिचं नाव काढलं तं आंघोळ."

आणि हे सगळं गाडी न चालवता. तिकडचे लोक म्हणे मोटार भाड्यानं घेऊन गावोगाव हिंडतात. सरांना ते ऐकूनच राग यायचा. "अर्धा ग्लास पोटात गेला का स्टेअरिंगले हात नाही लावायचा. मले तं लावताच येत नाही. म्हणजे देवानंच सोय केली." रेल्वे, ट्राम आणि पाय, एवढंच.

असं आमचं सुरू झालं. दुपारी दोन ते चार गाड्या नसतात. शेठ घरी जेवून झोपायचे. काउंटरवर मी आणि सर. त्यांनी मला ए-बी-सी-डी शिकवली नाही. सरळ स्टेशनांची नावं शिकवली. बांबर्ग, न्यूर्नबर्ग, प्लझेन, ब्रुसेल्स. एक नाव आलं की त्यातली अक्षरं दुसऱ्या नावात शोधायची. मला न्यूयॉर्क वाचता येण्याच्या आधी न्यूर्नबर्ग वाचता यायला लागलं. जर्मन लोक फलाटाला 'ग्लाइस' म्हणतात हे मला 'प्लॅटफॉर्म' या शब्दाचं स्पेलिंग येण्याच्या आधीपासून माहीत आहे. चार-पाच महिन्यांत मी आमच्याच बसची तिकिटं वाचू लागलो. पहिल्यांदा पूर्ण तिकीट वाचलं तेव्हा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. सरांनी टपरीवरून दोन चहा मागवले, आणि त्या दिवशी बोट वर न करताच प्यायले.

आणि मीही त्यांना काही दिलं, असं आता म्हणायला तोंड नाही, पण दिलं. सरांनी नकाशावर रेघा मारल्या होत्या. गाडी बदलायला कुठं सहा मिनिटं, कुठं आठ. मी बसवरचा माणूस. मी म्हणालो, "सर, सहा मिनिटांत तुम्ही जिना चढणार कधी, उतरणार कधी? आणि लघवीला जायचं असलं तर?"

सरांचं बोट आपोआप वर गेलं. बराच वेळ वर राहिलं. "हे पुस्तकात नव्हतं," ते म्हणाले.

मग आम्ही जवळच्या बडनेरा स्टेशनवर गेलो. बॅगेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून सरांना एका फलाटावरून पुलावर आणि पुलावरून दुसऱ्या फलाटावर चालवलं. मी मोबाइलवर वेळ लावून मागं मागं. एका हमालाला राहवेना. "काहून चालवून राहिले बाबांना? हरवलं का काही?" सर धापा टाकत म्हणाले, "गाडी बदलून राहिलो. जर्मनीची." हमालानं माझ्याकडं असं बघितलं की याला लवकर घरी ने. अकरा मिनिटं लागली. त्या दिवसापासून आमच्या आराखड्यात गाडी बदलायला पंचवीस मिनिटांच्या खाली काही उरलं नाही.

बडनेऱ्याहून तसेच अकोल्याला गेलो. ती रंगीत तालीम. अमरावतीत चाखायचा प्रश्नच नव्हता, भटजींचा भाऊ म्हणून गल्लीतलं मांजरसुद्धा त्यांना ओळखतं. अकोल्यात स्टेशनपासून चालत एका परमिट रूममध्ये शिरलो, भर दुपारी. वेटरनं विचारलं, "स्ट्राँग का माइल्ड?"

"दोन्ही. अर्धा अर्धा ग्लास. अन् साधी पोळी आहे का?"

"पोळी? चना मसाला आहे, चखन्याले."

"मसाला नोको. मिरचीनं जीभ आंधळी होते."

वेटरनं कुठून तरी दोन शिळ्या पोळ्या आणल्या. सरांनी एक घोट घेतला, बोट वर केलं. परमिट रूममध्ये बोट वर केलं की वेटर धावत येतो. तो आला, आणि सरांनी डोळे मिटलेले बघून तसाच उभा राहिला. मग सरांनी पोळीचा तुकडा खाल्ला, वहीत दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्या ग्लासातला घोट घेतला, पुन्हा दोन ओळी. आणि दोन्ही ग्लास तसेच ठेवून उठले.

मी त्या ग्लासांकडं बघत बसलो. अर्धे भरलेले, आणि त्यातलाही एकेक घोटच गेलेला. माझ्या बापानं कधी ग्लासात थेंब ठेवलेला मी पाहिला नव्हता. माझ्या घरात बाटली म्हणजे मारझोड, आणि इथं एक माणूस पोळीच्या तुकड्याबरोबर तिचा अभ्यास करून निघाला होता. मला रडू का आलं ते सरांना कळलं असावं. ते म्हणाले, "चाल. साडेपाचची धरू."

"अजून एक आहे की सर, उशिराची. शेवटची."

"शेवटची गाडी आपली नाही. शेवटच्या आधीची आपली. चुकली तं एक हातात राह्यते."

हा त्यांचा दुसरा नियम. पहिला, दोन चाखण्यांच्या मध्ये एक जेवण. तिसरा, राहायची जागा स्टेशनपासून पायी पोचण्याइतकी. हे सगळं घालून आमचा आराखडा तयार झाला. बारा दिवस, सतरा गाड्या, अकरा अर्धे ग्लास. मी तो स्वतः टाइप केला, एकेका बोटानं, इंग्रजीत. शेवटच्या पानावर सर म्हणाले, "खाली लिही, रूट प्रिपेअर्ड बाय. अन् तुह्यं नाव. बापाच्या नावासकट."

माझं नाव इंग्रजीत छापलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

घरासाठी दुसरा आराखडा केला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तेच बारा दिवस, त्याच सतरा गाड्या. तीन मठ, दोन विद्यापीठं, जुनी चर्चं, संग्रहालय. हे सगळं त्या गावांत होतंच. फक्त अकरा अर्धे ग्लास गाळले होते. वहिनींना मठांचं फार बरं वाटलं. व्हिसा आला, तशी त्या म्हणाल्या, "निघायच्या आधी सत्यनारायण घालू. भाऊजी पहिल्यांदा समुद्रापार चाललेत."

तुमच्याकडं आहे की नाही ठाऊक नाही, इथं लांबच्या प्रवासाला निघताना तिकीट-पासपोर्ट देवापुढं ठेवतात आणि त्यांना हळदकुंकू लावतात. पूजेच्या दिवशी सकाळी वहिनींचा मला फोन. "अरे, भाऊजींची ती फाइल तुझ्या ऑफिसात आहे ना? घेऊन ये बाबा, चौरंगावर ठेवायचीय. आणि जेवायलाच ये."

शेठ सगळ्या फायली एकाच निळ्या रंगाच्या आणतात. ड्रॉवरमध्ये दोन होत्या. मी एक उघडली आणि पहिलं पान वाचलं. सरांचं नाव, विमानाची तारीख, उतरायचं विमानतळ. सगळं अडखळल्याशिवाय वाचलं, मोठ्यानं वाचलं. स्वतःवर इतका खूश झालो की दुसरं पान उलटलंच नाही. पहिलं पान दोन्ही फायलींना एकच होतं, ते टाइप करणारा मीच.

दादा स्वतःच यजमान आणि स्वतःच भटजी. समोर केळीचे खांब, कलश, शिऱ्याचा वास. गल्लीतली दहा-बारा माणसं बसली होती, शेजारचे वकीलसाहेब पुढं. सर कोपऱ्यात सोवळ्याचं उपरणं घेऊन. मी दाराशी, चपलांच्या जवळ. मला अजूनही त्या घरात मधे बसायला संकोच वाटतो.

दादांनी पासपोर्टला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग फाइल घेतली. दादांचं सगळं काम यथासांग. वरच्या पुठ्ठ्याला बोट टेकवून सोडतील असं नाही. ओलं कुंकू बोटावर घेऊन ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला लावू लागले. पहिलं पान झालं. दुसऱ्यावर बोट टेकलं आणि तसंच राहिलं.

दादांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं. पण तो शब्द कुणालाही वाचता येतो.

त्यांनी फाइल मुकाट्यानं वकीलसाहेबांकडं दिली. "हे काय आहे, बघा बरं."

वकीलसाहेबांना कागद हातात आला की मोठ्यानं वाचायची सवय. ते कोर्टात वाचतात तसं मराठी करून वाचू लागले. "दिवस दुसरा. सकाळी साडेदहा. धुरावर वाळवलेल्या धान्याची बीअर, अर्धा ग्लास. तदनंतर जेवण. तदनंतर पायी फिरणे. दिवस चौथा..." मधे कुणीतरी खोकलं. ते थांबले नाहीत. मठातले साधू आले, तेव्हा वहिनींनी तोंडाला पदर लावला. "एकूण अर्धे ग्लास अकरा." वकीलसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे साडेपाच."

कुणी हसलं नाही.

"खाली नाव आहे. मार्ग तयार करणार..." आणि त्यांनी माझं नाव वाचलं. बापाच्या नावासकट.

सगळी डोकी दाराकडं वळली. दादा म्हणाले, "तू केलंस हे?"

मला त्या घटकेला एकच चित्र दिसलं. मागची खोली रिकामी, माझी वळकटी रस्त्यावर, आणि आठशे किलोमीटरवर माझं गाव. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला इंग्रजी वाचता येत नाही, दादा. आठवीत शाळा सुटली माझी. सर म्हणाले तसं केलं. त्यात काय लिहिलंय मला काय माहीत?"

एवढं सगळं म्हणालो. पहिल्या वाक्यावर थांबता आलं असतं. नाही थांबलो.

मी सरांकडं बघितलं नाही. पण त्यांचं बोट वर गेलेलं मला डोळ्याच्या कडेनं दिसलं. चहाच्या वेळी जायचं तसंच. माणसं गप्प झाली. मग बोट खाली आलं.

"बरोबर आहे दादा," सर म्हणाले. "त्याले वाचता येत नाही. नाव मीच टाकलं."

त्या घरात, दादांसमोर, ते कधी वऱ्हाडी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

दादांनी पोथी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "कथा पुरी होऊ द्या." मांडलेली पूजा अर्ध्यावर सोडायची नाही, म्हणून पाचही अध्याय झाले, आरती झाली. प्रसाद वाटला. सरांनी शिऱ्याचा घास तोंडात घेऊन डोळे मिटले. मला वाटलं आता बोट वर जाईल आणि ते म्हणतील, केळं जास्त पिकलंय. त्यांनी घास गिळला आणि हात धुवायला गेले.

जाऊ नका, असं त्यांना कुणी म्हणालं नाही. ते म्हटलं असतं तर कदाचित ते भांडले असते आणि गेलेही असते. पण दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी त्यांचा पाण्याचा पेला वेगळ्या फळीवर ठेवला. दादा त्यांच्या आधी जेवून घेऊ लागले. ज्या माणसाच्या जिभेला दुधातला फरक कळतो, त्याला हे कळायला किती वेळ लागणार? विमानाची तारीख आली आणि गेली. मी रोज त्या खोलीत झोपत होतो. मला कुणी काढलं नाही. उलट वहिनी म्हणायच्या, "भोळं पोरगं, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय," आणि एक पोळी जास्त वाढायच्या. मी ती खायचो.

महिन्याभरानं सर दुपारी दोनला काउंटरवर आले. खांद्याला तीच बॅग, बडनेऱ्याच्या पुलावरची. अकोल्याला भाची असते त्यांची, तिच्याकडं राहायला चालले होते.

"अकोल्याचं एक दे."

मी तिकीट काढलं. त्यांनी ते घेतलं नाही. काउंटरवरच राहू दिलं.

"वाच बरं. काय लिहिलंय?"

मी वाचलं. नाव वाचलं, वय वाचलं, सीट नंबर, कुठून, कुठं. "साडेसहाची आहे सर."

"शेवटची का?"

"नाही. शेवटची साडेसातची."

"मंग बरोबर." त्यांनी तिकिटाची घडी घालून खिशात टाकली. "वाचता येते तुले."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मला झोप लागली असती. आज दूध बदललं, हे ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं. नुसता निकाल.

त्याला दोन वर्षं झाली. टपरीवाला कधी दूध बदलतो ते आता कुणाला कळत नाही. मध्यंतरी वहिनी फोनवर बोलताना ऐकलं, भाऊजींना काचबिंदू झालाय, डोळ्यांपुढं अक्षर ठरत नाही म्हणे. मी तीनदा अकोल्याला गेलो. तीनदा स्टँडवर उतरलो, रसवंतीवर एक ग्लास रस घेतला, अर्धा प्यायलो, आणि परतीच्या गाडीत बसलो. भाचीचं घर तिथून पायी वीस मिनिटांवर आहे. मी नकाशावर मोजलंय. नकाशा मला आता चांगला वाचता येतो.

निळी फाइल माझ्याकडंच आहे. पूजा आवरताना ती कुणी उचलेना, मी उचलली. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यावर दादांच्या बोटाचं कुंकू वाळून काळपट झालंय.

सर, हे तुम्हाला वाचता येणार नाही, कुणीतरी वाचून दाखवील. या पौर्णिमेला घरात पुन्हा पूजा आहे. मी दाराशी बसणार नाही. फाइल घेऊन दादांसमोर बसेन आणि पहिल्या पानापासून इंग्रजीत मोठ्यानं वाचेन, अकरा अर्ध्या ग्लासांसकट, खालच्या नावासकट. मग खोलीचं काय व्हायचं ते होवो. त्यानंतर अकोल्याला येईन, आणि या वेळी रसवंतीपाशी थांबणार नाही. आणि कधी ना कधी, कसंही करून, त्या सतरा गाड्यांना तुमच्याबरोबर मी असेन. फलाटावरची पाटी मी वाचेन, जिना आला की सांगेन, ग्लास तुमच्या हातात देऊन गप्प उभा राहीन, बोट खाली येईपर्यंत. हाकायचं आपल्यापैकी कुणीच नाही. एक गाडी माझ्यामुळं चुकली, सर. शेवटच्या आधीची चुकली तर एक हातात राहते, असं तुम्हीच म्हणाला होता. ती मी चुकू देणार नाही.